हळदीचं पोतं, रोजमेळाची पानं, पितळी वजनं : असेम्ब्लाज चार महिन्यांत सुटतोय. काय चुकलं?

हरिपूर_रोड

नमस्कार मंडळी. भाची जी.डी. आर्ट झाली आहे आणि सांगलीतच राहून कोलाज-असेम्ब्लाजचं (कागद आणि वस्तू जोडून करायचं) काम करायचं म्हणते. विषय घेतलाय हरिपूरची पेवं. जमिनीखालची ती हळदीची कोठारं, २००५ च्या महापुरानंतर बहुतेक निकामी झालेली.

पहिलं काम जूनमध्ये केलं. माप २४ × ३६ इंच, खाली ६ मिमी प्लाय. त्यावर छापा असलेला हळदीच्या पोत्याचा तुकडा, अडत दुकानातल्या रोजमेळाची पानं, ५०० आणि २०० ग्रॅमची पितळी वजनं, पोती उचलायचा लोखंडी हुक आणि तंबोऱ्याची एक फुटकी तबली (भोपळ्यावरची पातळ लाकडी फळी). सगळं फेविकॉलने चिकटवलंय.

आजची अवस्था अशी : प्लाय पुढच्या बाजूला वाकलाय, कोपरे भिंतीपासून जवळपास सेंटीमीटरभर सुटलेत. पानांवर फुगे आलेत. ५०० ग्रॅमचं वजन पडलं, २०० ग्रॅमच्या भोवती हिरवा डाग आलाय. खिडकीकडच्या बाजूने पोत्याचा पिवळा रंग उडालाय. तबलीतून बारीक भुसा पडतोय.

तांत्रिक चुका कुणी सांगेल का? आणि दुसरा प्रश्न तिच्या आईचा : या कलेत आयुष्य काढलेली माणसं जगली कशी, पोट कशावर भरलं? इथून अर्ज कुठे करायचे?

---

खळ_आणि_कागद

ताई, आधी प्लाय बघा. निम्मे दोष तिथूनच आलेत.

पातळ फळीला एकाच बाजूने ओला कागद लावला की वाळताना कागद आकसतो आणि फळीला आपल्याकडे ओढतो. म्हणून ती पुढे वाकली. १२ मिमीचा मरीन प्लाय घ्या, आयएस ७१० चा शिक्का बघून. आयएस ३०३ चा साधा कमर्शियल प्लाय पावसाळ्यात ओल धरतो, एमडीएफ कडेने फुगतो. मागे १ × २ इंचाच्या पट्ट्यांची चौकट आणि मधे एक आडवी पट्टी मारा. याच मापाचा १२ मिमीचा तुकडा सव्वाचार किलोच्या आसपास भरेल, तेवढं वजन परवडतं.

तरीही जितके थर पुढे, तितकेच मागे लावायचे. त्याच जाडीचा कागद, तीच खळ, तोच दिवस. बाइंडर पुठ्ठ्याला आतून अस्तर लावतो ते याचसाठी. पट्ट्या त्यानंतर मारायच्या. कागदाच्या आधी प्लायला दोन्ही बाजूंनी आणि कडांना ॲक्रिलिक प्रायमरचे दोन हात द्या, नाहीतर लाकडातलं आम्ल कागदात उतरून पानं तपकिरी होतात.

आता फुगे. गिरणीच्या कागदाला लाकडासारखी रेघ असते आणि ओला झाला की तो रेघेला आडवा वाढतो. कोरडं पान गोंदावर टेकवलं की ते चिकटल्यानंतर वाढतं आणि वाढायला जागा नसल्याने फुगतं. रेघ ओळखायला दोन इंचाचा चौकोन कापून एका बाजूने ओला करा. त्याची नळी होईल. नळीची लांबी ज्या दिशेला, ती रेघ. सगळी पानं एकाच दिशेने लावा. प्रत्येक पान मागून हलकं ओलं करून पाच मिनिटं थांबा, ते पूर्ण वाढू द्या, मग खळ लावा आणि मधून कडेकडे मऊ फडक्याने बसवत जा. वर बटर पेपर, त्यावर टिपकागद, त्यावर फळी आणि १२ ते १५ किलो वजन. अर्ध्या तासाने टिपकागद बदला आणि पुढे चोवीस तास हात लावू नका.

जुन्या पानांना फेविकॉल नकोच, तो पुन्हा निघत नाही. मिथाइल सेल्युलोज वापरा, प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतं. १०० मिली पाण्याला ४ ग्रॅम. त्यातलं ३० मिली पाणी कडक गरम करून पूड त्यात ढवळायची, मग उरलेलं ७० मिली थंड पाणी घालून रात्रभर ठेवायचं. सकाळी स्वच्छ चिकट रस तयार. त्याला कसर आणि झुरळं तोंड लावत नाहीत. मैद्याची खळही चालते : एक वाटी मैदा, पाच वाट्या पाणी, मंद आचेवर वीस मिनिटं, मग मलमलीतून गाळून. तिच्यात मोरचूद मात्र घालू नका. जुनी पद्धत आहे खरी, पण त्यातलं तांबं कागदाला आतून खातं. बिनमोरचुदाची खळ दोन दिवसांत आंबते, तेव्हा लागेल तेवढीच शिजवा.

एक गोष्ट विसरू नका. पान ओलं करण्याआधी कोपऱ्यातल्या एका अक्षरावर ओला कापूस टेकवून बघा. काजळीची काळी शाई बहुधा जागची हलत नाही. पण रोजमेळात कॉपिंग पेन्सिलचे आकडे असतात. दिसतात करडे, आणि पाणी लागलं की क्षणात जांभळे होऊन सगळ्या पानावर पसरतात. तसं पान चारी कोपऱ्यांना कागदाच्या बिजागऱ्या लावूनच बसवा.

---

तबली_दांडी (मिरज)

कागदाचं वर आलंच आहे. मी वजन, हुक आणि तबलीबद्दल लिहितो.

५०० ग्रॅमचं पितळ फेविकॉलवर राहणारच नव्हतं. त्यातलं पाणी निघून गेलं की तो धरतो. पितळ पाणी पीत नाही, त्यामुळे वजनाखालचा मधला भाग आठवडेच्या आठवडे ओला राहतो. त्यातून सुटणारं थोडंसं ॲसिटिक आम्ल आणि पावसाळ्याची दमट हवा मिळून पितळ कळकतं. तुमचा हिरवा डाग तो आहे.

शंभर ग्रॅमच्या वरची कुठलीही वस्तू गोंदाच्या भरवशावर सोडायची नाही. तिला टेकू द्यायचा आणि बांधायचं. वजनाला भोक पाडू नका, त्यावरचा शिक्का आणि घासलेली कड हेच तर दाखवायचंय. वजनाच्या बुडाखाली प्लायमध्ये ३ मिमीच्या दोन पितळी सळ्या ठोका, प्रत्येकीवर प्लास्टिकची बारीक नळी चढवा. सगळा भार त्या सळ्यांवर येऊ द्या. मग वजनाच्या गळ्याभोवती २० गेजची तांब्याची तार घ्या, दोन बाजूंना २ मिमीच्या भोकांतून मागे काढा आणि पकडीने चार-पाच पीळ द्या. तारेचं काम वजन पुढे कलू न देण्यापुरतं. भार तारेवर आला तर काही महिन्यांत ती ताणून ढिली पडते.

हुक तारेच्या ब्रशने घासा, स्पिरिटने पुसा, नंतर पारदर्शक लॅकरचे दोन पातळ हात. लोखंड तागाला थेट टेकू देऊ नका. ताग ओल धरतो आणि गंज पोत्यावर उतरतो. मधे मायलरचा (पारदर्शक पॉलिएस्टर फिल्मचा) तुकडा कापून सरकवा, पुढून दिसत नाही. स्क्रू सगळे स्टेनलेस किंवा पितळी. पुढे कधी बाभळीची जुनी फळी वापरली (बैलगाडीची मिळते), तर साधा लोखंडी स्क्रू तिच्यातल्या टॅनिनशी मिळून शाईसारखा काळा डाग सोडतो आणि तो पुसला जात नाही. आठ नंबरच्या स्क्रूला आधी ३ मिमीचं भोक पाडा, जुनं लाकूड नाहीतर उभं चिरतं.

तबलीतला भुसा म्हणजे आत भुंगा जिवंत आहे. तबली आजच बाकी कामापासून वेगळी करा. जाड पॉलिथीनच्या पिशवीत घाला, हवा दाबून काढा, तोंड टेपने बंद करा आणि उणे १८ अंशाच्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडायची नाही. लगेच उघडली तर थंड लाकडावर दव जमून पॉलिश पांढरं पडतं. तबलीवर नक्षी चिकटवलेली असेल तर फ्रीजर नको, ती उचलली जाते. तिथे सुईने प्रत्येक छिद्रात बोररचं औषध सोडायचं, छिद्रं मेणाने बुजवायची आणि महिनाभर काळ्या कागदावर ठेवून नवा भुसा पडतो का बघायचं.

बसवताना लक्षात घ्या की तबलीचं लाकूड पातळ आहे आणि पावसाळा-उन्हाळ्यात रेघेला आडवं हलतं. चारी कडा पक्क्या केल्या की मधे तडा जातो. मधला एकच स्क्रू पक्का करा. कडेच्या भोकांना लांबट खाचा ठेवा, ३ मिमी रुंद आणि ८ मिमी लांब, वायसर घालून स्क्रू टेकेपर्यंतच फिरवा. लाकडाला लाकूड जोडायचं तिथे सरस चांगला, कोमट ओल्या फडक्याने पुन्हा सुटतो. पण सरसाला कीड लागते, म्हणून सांध्यापुरताच.

आणि एक विनंती. तबलीवर कारागिराची खूण असेल तर ती बाजू पुढे ठेवा. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण खूण झाकून बसवलेली तबली म्हणजे नुसती एक फळी. सतारमेकर गल्लीत दुरुस्तीतून निघालेल्या खुंट्या, घोड्या, फुटक्या भोपळ्याच्या वाट्या यांची विचारणा करा, पण कशासाठी हव्यात ते सांगून.

---

पिवळी_माती

फक्त हळदीपुरतं. हळदीचा रंग उजेडात उडतोच. कुठलंही व्हार्निश त्याला थांबवत नाही, यूव्ही ॲक्रिलिकने फक्त वेग कमी होतो. चुना लागला की तो लाल होतो (कुंकू तसंच करतात), त्यामुळे चुन्याच्या ओल्या भिंतीवर टांगू नका. पिवळा रंग कायम हवा असेल तर पोत्यावर यलो ऑकर, म्हणजे पिवळी माती, पातळ ॲक्रिलिक मीडियममधून द्या. माती उडत नाही. किंवा रंग उडणं हाच विषय धरायचा : त्याच पोत्याचा एक हातभर तुकडा काळ्या कागदात गुंडाळून, तारीख लिहून कामाच्या मागे ठेवून द्या. पेवांच्या विषयाला हे जास्त शोभेल.

---

खिडकीची_चौकट

तिच्या आईच्या प्रश्नाचं उत्तर सविस्तर द्यायला हवं. त्यासाठी भाचीला बेटी सार या अमेरिकन असेम्ब्लाज करणाऱ्या बाईंचं आयुष्य वाचायला सांगा.

जन्म १९२६, लॉस एंजेलिस. लहानपणी आजीकडे वॉट्स भागात जायच्या तेव्हा सायमन रोडिया नावाचा मजूर तिथे एकट्याने मनोरे उभारत होता. १९२१ ते १९५४, तेहतीस वर्षं. फुटक्या फरश्या, बाटल्यांच्या काचा, शिंपले, सगळं सिमेंटमध्ये बसवलेलं आणि उंच मनोरा जवळपास शंभर फूट. आत पोलादी सळ्या आहेत, पण एकही सांधा वेल्ड केलेला नाही. तारेची जाळी गुंडाळून वर हाताने मसाला भरलेला. १९५९ मध्ये पाडायचं ठरत होतं तेव्हा दहा हजार पौंडांचा ताण देऊन बघितला. मनोरा हलला नाही, ताण देणारं यंत्रच मोडलं. मिरजकरांनी वर तारेबद्दल लिहिलंय ते याच्या जोडीला वाचावं.

सार यांनी १९४९ मध्ये डिझाइनची पदवी घेतली, चित्रकलेची नव्हे. पुढे मीनाकारीचे दागिने केले, शुभेच्छापत्रं केली, नाटकांसाठी वेशभूषा केली. तीन मुली वाढवल्या. पन्नाशीच्या दशकाच्या शेवटी छापचित्रण शिकल्या. १९६७ च्या सुमारास पॅसाडिनाला जोसेफ कॉर्नेल या अमेरिकन कलावंताच्या पेट्यांचं प्रदर्शन बघितलं. त्याच काळात जुन्या खिडक्यांच्या चौकटींत त्या आपली छापचित्रं बसवू लागल्या होत्या. जुनी खिडकी का? कप्पे आयते मिळतात, काच आयती मिळते आणि बघणारा आपोआप आत डोकावतो. १९६९ ची ‘ब्लॅक गर्ल्स विंडो’ आज न्यूयॉर्कच्या मोमाकडे (म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट) आहे.

१९७२ मध्ये त्यांनी ‘द लिबरेशन ऑफ आंट जेमिमा’ केलं. बाजारात मिळणारी, कृष्णवर्णीय मोलकरणीची टिंगल करणारी एक बाहुली होती. टिपणवही अडकवायची. ती घेतली, एका हातात झाडू तसाच ठेवला, दुसऱ्यात बंदूक दिली, मागे ‘आंट जेमिमा’ या पॅनकेकच्या पिठाच्या छापाची लेबलं ओळीने लावली, पायाशी कापूस घातला. त्यांचं वय तेव्हा ४६. आणि माप? पावणेबारा इंच उंच, आठ इंच रुंद, पावणेतीन इंच खोल. टेबलावर मावतं. मोमाने त्यांचं स्वतंत्र प्रदर्शन केलं ते २०१९ मध्ये, वयाच्या ९३ व्या वर्षी.

म्हणून माझं स्पष्ट मत : २४ × ३६ चा हट्ट सोडा. तुमच्या कामात पाच वस्तू आहेत आणि पाचही एकाच वेळी बोलतायत. १२ × ८ इंचाची, तीन इंच खोल अशी दहा पेट्यांची मालिका करा. एका पेटीत एक वस्तू मुख्य, दुसरी तिला उत्तर देणारी, बाकी रिकामं. वजन आणि रोजमेळाचं पान. हुक आणि पोतं. तबली वेगळ्या कामाला ठेवा, हळदीशी तिचं नातं अजून जुळलेलं नाही. छोट्या पेट्या पाठवायला सोप्या, विकायला सोप्या, आणि एक बिघडली तर नऊ राहतात.

पोटाचं म्हणाल तर कॉर्नेल कापडाच्या धंद्यात नोकरी करत होता, कलेचं शिक्षण शून्य. आई आणि आजारी भाऊ घरी. तळघरात बसून तो वस्तू डब्यांत वर्गवार लावून ठेवायचा. अमेरिकेतल्याच रोमेअर बेर्डनने कोलाज सुरू केलं १९६३-६४ च्या सुमारास, पण न्यूयॉर्कच्या समाजकल्याण खात्यातली नोकरी सोडली १९६९ मध्ये. आपल्याकडे भूपेन खक्कर चार्टर्ड अकाउंटंट. बडोद्यात राहून अर्धवेळ हिशेबाचं काम करत, आणि सुरुवातीचे कोलाज बाजारात मिळणाऱ्या देवांच्या छापील तसबिरी कापून केलेले. चंडीगडचं रॉक गार्डन उभारणारे नेकचंद सरकारी रस्ते खात्यात निरीक्षक होते. यातलं कुणी नोकरीमुळे मागे पडलं नाही. भाचीने ए.टी.डी. (आर्ट टीचर डिप्लोमा) करून शाळेत चित्रकला शिकवली, तर आठवड्यातल्या दोन सकाळी आणि रविवार असे बारा-चौदा तास कामाला मिळतात. वर्षाला दहा पेट्यांना ते पुरतात.

अतुल दोडिया यांची २००२ ची लाकडी कपाटांची मालिका ‘ब्रोकन ब्रँचेस’ आणि विवान सुंदरम यांचं शहरी कचऱ्यावरचं काम, ही दोन्ही छायाचित्रांतून का होईना, बघावीत. आणि औंधला एकदा जाऊन भवानी संग्रहालयात प्रत्येक वस्तू कशावर टेकवली आहे, उजेड कुठून येतो, एवढंच बघत फिरावं. दिवसभराचं काम आहे.

अर्ज : महाराष्ट्र राज्य कला प्रदर्शन (कला संचालनालयाचं, विद्यार्थी आणि कलावंत असे वेगळे विभाग) आणि बॉम्बे आर्ट सोसायटीचं वार्षिक प्रदर्शन. नियमपत्रकात मापाची आणि वजनाची मर्यादा आधी वाचा, आणि कोलाज चित्रात धरतात की शिल्पात तेही. मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीच्या दालनांसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागतं, त्यामुळे अर्ज कामं पूर्ण होण्याची वाट न बघता करा. गॅलरी विक्रीतला तिसरा हिस्सा ते निम्मा घेते, म्हणून घरून विकताना आणि गॅलरीतून विकताना किंमत एकच ठेवा. प्रत्येक पेटीमागे एक कागद : वस्तू कुठली, कोणता गोंद, कोणती तार, कोणत्या महिन्यात. दहा वर्षांनी दुरुस्तीला आली की तोच कागद कामी येतो.

---

हरिपूर_रोड

सगळ्यांचे मनापासून आभार. भाचीने वाचलं, छोट्या पेट्यांचं पटलंय. दोन गोष्टी राहिल्या. रोजमेळात काही पानं मोडीतली आहेत, ती कापायला हरकत नाही ना? आणि मुंबईला पाठवताना वजनं हलणार नाहीत यासाठी काय?

---

खळ_आणि_कागद

मोडी पानं कापू नका. १९७२ च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षांपुढच्या वस्तू येतात. ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोलाची हस्तलिखितं तर पंचाहत्तर वर्षांपासूनच. अशी वस्तू देशाबाहेर पाठवता येत नाही, म्हणजे उद्या परदेशातून मागणी आली तरी पेटी अडकेल. आधी मोडी जाणणाऱ्याकडून वाचून घ्या, ६०० डीपीआयने स्कॅन करा आणि आम्लविरहित कागदावर लेझर प्रिंट काढून तो वापरा. लेझरची छपाई पाण्याने पसरत नाही, साध्या इंकजेटची पसरते. दुसरं, रोजमेळात शेतकऱ्यांची नावं आणि उधाऱ्या असतात. त्यांची नातवंडं आजूबाजूच्या गावांत आहेत. नाव दिसणार नाही अशी घडी घाला, आकडे ठेवा.

मोरपीस, कासवाची पाठ, सांबरशिंग यांपासून लांब राहा. अमेरिकन कलावंत रॉशनबर्गच्या १९५९ च्या ‘कॅन्यन’ या कामामध्ये पेंढा भरलेला गरुड आहे. तिथल्या वन्यजीव कायद्यामुळे वारसांना ते विकता आलं नाही, शेवटी २०१२ मध्ये मोमाला देऊन टाकलं. आपल्याकडचा १९७२ चा वन्यजीव कायदाही कडक आहे.

---

तबली_दांडी (मिरज)

पाठवण्याचं सांगतो. वजनं काढून वेगळी पाठवायची, हा पहिला नियम. प्रत्येक वजन फडक्यात गुंडाळून, क्रमांक घालून, पेटी कशी जोडायची त्याचा फोटो सोबत. बाकीचं जिथे नट-बोल्ट आहे तिथे नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेला) लावा, साधा नट टेम्पोच्या थरथरीने सुटतो.

पेटीला पुढे काच नको, ३ मिमी ॲक्रिलिक. घासून पुसलं की त्याला विजेचा भार चढतो आणि तागाचे तंतू आतून चिकटतात, म्हणून ओल्या मऊ फडक्यानेच पुसा. मागच्या पाठीला ६ मिमीची दोन-तीन भोकं, त्यावर बारीक जाळी, म्हणजे आतली दमट हवा कोंडत नाही.

बाहेरच्या खोक्याला प्लाय, कामाभोवती दोन इंच मोकळं आणि त्यात फोम. थर्मोकोल कामाला टेकू देऊ नका, त्याचे दाणे तागात अडकतात. झाकण खिळ्यांनी नव्हे, स्क्रूने. पेट्या उभ्याच ठेवायच्या, आडव्या नाहीत, वरच्या दिशेचा बाण चारी बाजूंना. सांगलीत तळमजल्यावर साठवू नका. २०१९ ला आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, तेव्हा माळ्यावरच जागा करा.

वजन काढताना तारेचा पीळ उलटा सोडू नका, तार कापा. एकदा पिळलेली तार पुन्हा पिळली की त्याच जागी तुटते. नव्या तारेचे प्रत्येक वजनामागे एक असे हातभर तुकडे आणि एक छोटी पकड खोक्यातच ठेवून द्या.